अकरा सामने आणि एक करंडक

मैदानावर चांगला खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि त्यांच्या आईवडिलांना तो त्याहून आधी पडतो. कॉलेजपर्यंत खेळलो, बक्षिसे मिळवली, वर्तमानपत्रात नाव आले. पण पुढे काय? आपल्याकडे हा प्रश्न पडला तर नवल नाही. पण ज्या देशात बास्केटबॉलचा जन्म झाला आणि जिथे गल्लीबोळांत बास्केट टांगलेले दिसते, त्या अमेरिकेतही कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या बहुतेक खेळाडूंपुढे हाच प्रश्न उभा असतो.

बास्केटबॉल म्हटले की आपल्याला एनबीए आठवते, मायकेल जॉर्डन आठवतो. पण एनबीए हे त्या झाडाचे शेंड्यावरचे पान आहे. त्याच्या खाली मोठा विस्तार आहे आणि त्याच्या फांद्या स्पेन, ग्रीस, इटली, तुर्कस्तान, रशिया, चीनपर्यंत पसरल्या आहेत. अमेरिकन कॉलेजांतून दरवर्षी अनेक खेळाडू या देशांत जाऊन पोट भरतात. त्यांचे जगणे कसे असते, हे समजून घेण्यासाठी आम्ही या अंकात एकाच खेळाडूची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून पाहणार आहोत. त्याचे नाव अल्फोन्सो फोर्ड. आपल्याकडे हे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. युरोपात मात्र त्याच्या नावाचा करंडक आहे.

गार्ड म्हणजे कोण?

आधी खेळाची थोडी उजळणी करू. बास्केटबॉलमध्ये एका बाजूचे पाच खेळाडू मैदानात असतात. सर्वांत उंच तो सेंटर, तो बास्केटजवळ उभा राहतो. त्याच्या दोन्ही अंगांना फॉरवर्ड. आणि उरलेले दोघे गार्ड. हे बहुधा संघातले सर्वांत बुटके, पण चेंडू जास्त वेळ त्यांच्याच हातात असतो. पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो, कुणाला कधी द्यायचा ते ठरवतो. शूटिंग गार्डचे मुख्य काम दुरून नेम साधण्याचे. फोर्ड हा शूटिंग गार्ड होता. त्याची उंची साधारण १९३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट चार इंच. आपल्या वर्गात असा मुलगा आला तर छताला लागेल असे वाटेल. पण व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ही उंची साधीच समजतात.

इथेच गार्डची अडचण सुरू होते. सात फुटी माणूस जगात विरळा, म्हणून त्याला मागणी असते. सहा-सव्वासहा फुटी चपळ नेमबाज मात्र अमेरिकेत ढिगाने मिळतात. त्यामुळे परदेशी संघांकडे जाणाऱ्या अमेरिकनांमध्ये गार्ड मोठ्या संख्येने आढळतात.

कापसाच्या मुलखातला मुलगा

फोर्डचा जन्म ३१ ऑक्टोबर १९७१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावी झाला. हा मिसिसिपी डेल्टाचा भाग. काळी, सुपीक, सपाट जमीन आणि कापसाची शेती. एके काळी हे गाव स्वतःला जगाची कापूस-राजधानी म्हणवून घेत असे. या शेतांवर गुलामगिरीच्या काळात आणि नंतरही कृष्णवर्णीय मजुरांनी घाम गाळला. अमेरिकेतल्या गरीब भागांत या डेल्टाची गणना होते.

ग्रीनवुडच्या जवळच इट्टा बीना नावाचे छोटे गाव आहे. तिथे मिसिसिपी व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटी आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या कॉलेजांत प्रवेश नव्हता, त्या काळात, म्हणजे १९५० साली तिचे दरवाजे उघडले. अमेरिकन फुटबॉलमधला नामांकित खेळाडू जेरी राइस याच कॉलेजचा विद्यार्थी. फोर्ड १९८९ मध्ये इथे दाखल झाला आणि १९९३ पर्यंत खेळला.

या चार वर्षांत त्याने १०९ सामन्यांत ३,१६५ गुण केले. भागाकार करून पाहा, सरासरी २९ च्या वर येते. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात वीस गुण करणाऱ्याची पाठ थोपटली जाते. हा मुलगा चार वर्षे, सामन्यामागून सामना, एकोणतीस करत होता. चारही वर्षांत त्याची सरासरी पंचविसाच्या वर राहिली. दुसऱ्या वर्षी तर ती ३२.७ होती. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या वेळपर्यंत त्याच्यापेक्षा जास्त एकूण गुण फक्त तिघांच्या नावावर होते. पीट मॅराविच, फ्रीमन विल्यम्स आणि लायनेल सिमन्स हे ते तिघे.

१९९२ मध्ये त्याचे कॉलेज राष्ट्रीय स्पर्धेतही पोहोचले. पण पहिल्याच फेरीत ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य विद्यापीठाशी गाठ पडली आणि तिथेच मोहीम संपली.

वरची पायरी का चढता आली नाही?

आता एक हिशेब मांडू. अमेरिकेत त्या काळी पहिल्या श्रेणीत बास्केटबॉल खेळणारी सुमारे तीनशे कॉलेजे होती. प्रत्येकी बारा-तेरा खेळाडू धरले तर चार हजारांच्या आसपास मुले झाली. त्यांतला चौथा हिस्सा दरवर्षी शिक्षण संपवून बाहेर पडतो असे मानले, तरी हजार नवे उमेदवार झाले. आणि एनबीएचे तेव्हा संघ होते २७, म्हणजे सगळ्या मिळून जागा चारशेच्या आत-बाहेर. त्याही आधीच भरलेल्या.

नवे खेळाडू घेण्यासाठी एनबीएमध्ये दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. संघ पाळीपाळीने एकेका खेळाडूचे नाव पुकारतात. १९९३ च्या ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या मिळून ५४ नावे पुकारली गेली. फोर्डचे नाव ३२ वे आले. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघाने त्याला दुसऱ्या फेरीत निवडले.

हजारातून बत्तिसावा! आपण म्हणू, जिंकली की लढाई. पण खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या फेरीत नाव पुकारले म्हणजे नोकरी पक्की झाली असे होत नाही. संघाच्या सराव शिबिरात जायचे, जुन्या खेळाडूंशी झुंजायचे, आणि शेवटच्या यादीत नाव राहिले तरच करार. लहान कॉलेजातून आलेल्यांच्या गुणांकडे निवड करणारे जरा संशयानेच पाहतात. कमकुवत संघांविरुद्ध केलेले गुण, त्यांचे काय एवढे, असे म्हटले जाते.

फोर्डला १९९३-९४ मध्ये सिॲटल सुपरसॉनिक्सकडून सहा सामने मिळाले. १९९४-९५ मध्ये फिलाडेल्फियाकडून पाच. एकूण अकरा. त्याची एनबीएतली कारकीर्द एवढीच. कॉलेजात चार वर्षे विक्रम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला शिखरावर अकरा सामने आले, तेही बहुतेक वेळ बाकावर बसून.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी कॉलेजच्या खेळाडूंना खेळण्याचे पैसे मिळत नसत. शिक्षण, राहणे-जेवण यांची शिष्यवृत्ती मिळे, बस. आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली. म्हणजे फोर्डने ३,१६५ गुण केले तेव्हा त्याच्या खिशात त्यातले काही पडले नव्हते. कमाई सुरू व्हायची ती कॉलेज संपल्यावर. आणि ती अमेरिकेत होत नसेल, तर जिथे होते तिथे जाणे भाग होते.

परदेशी खेळाडूचे जिणे

१९९५ मध्ये फोर्ड स्पेनला गेला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वेस्का नावाचे लहानसे शहर आहे, तिथल्या संघाकडून तो १९९५-९६ चा हंगाम खेळला. मग ग्रीस.

युरोपातला बास्केटबॉल अमेरिकेहून बऱ्याच बाबतींत निराळा आहे. मुख्य फरक असे:

पहिला, वेळेचा. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, तर आंतरराष्ट्रीय नियमांचा सामना ४० मिनिटांचा. वेळ कमी म्हणून गुणही कमी होतात. युरोपात सरासरी पंधरा गुण करणारा खेळाडू चांगल्यांत मोडतो.

दुसरा, चढउताराचा. एनबीएमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षीही एनबीएतच असतो. युरोपातल्या देशोदेशींच्या लीगमध्ये तळाला गेलेले संघ खालच्या गटात ढकलले जातात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी तळाच्या संघांच्या सामन्यातही जीव टांगणीला लागलेला असतो.

तिसरा, जागांचा. कोणत्या संघाने किती परदेशी खेळवायचे यावर बंधन असते. नव्वदच्या दशकात बहुतेक ठिकाणी दोन-तीन अमेरिकनांनाच जागा होती. त्यामुळे त्यांच्याकडून अपेक्षाही तशाच. घरचा खेळाडू एखादे वेळी चुकला तर लोक सांभाळून घेतात. परदेशी माणूस दोन सामन्यांत चुकला की त्याच्या जागी दुसरा आणण्याची चर्चा सुरू होते. करार बहुधा वर्षाचा असतो. वर्ष संपले की नवे गाव, नवी भाषा, नवा प्रशिक्षक, नवे घर.

चौथा, पैशाचा. क्लब राहायला घर देतो, पुष्कळदा गाडीही देतो. पगार चांगला असतो, पण तो वेळेवर मिळेलच याचा भरवसा सगळीकडे नसतो. क्लब पुरस्कर्त्यांच्या जिवावर चालतात आणि पुरस्कर्त्याचे नाव संघाच्या नावाला जोडलेले असते. इटलीतल्या पेझारो शहराचा संघ अनेक वर्षे ‘स्काव्होलिनी’ या नावाने ओळखला गेला. स्काव्होलिनी ही स्वयंपाकघराचे ओटे-कपाटे बनवणारी कंपनी! सिएना शहराच्या संघाला ‘मोन्तेपास्की’ म्हणत. ते तिथल्या १४७२ साली स्थापन झालेल्या बँकेचे नाव.

कुणी म्हणेल, हे तर आपल्या क्रिकेटमध्येही होते. खरे आहे. विनू मंकड लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन या क्लबचे पगारी खेळाडू होते. छोट्या गावाचा क्लब, त्याचा एक परदेशी व्यावसायिक, आणि सगळ्या गावाच्या आशा त्याच्यावर. युरोपातल्या बास्केटबॉलची घडी बरीचशी तशीच आहे.

अथेन्समधली वर्षे

ग्रीसमध्ये फोर्ड प्रथम १९९६-९७ मध्ये पापागू या संघाकडून खेळला. नंतर स्पोर्टिंग, मग पेरिस्तेरी. हे सगळे अथेन्सच्या निरनिराळ्या भागांतले क्लब. पनाथिनाइकोस आणि ओलिंपियाकोस या दोन बड्या क्लबांपुढे हे लहानच. पण याच संघांकडून खेळताना तो ग्रीक लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्यांच्या यादीत वारंवार अग्रभागी राहिला.

२००० मध्ये युरोपातल्या निवडक क्लबांची ‘युरोलीग’ ही स्पर्धा नव्या व्यवस्थेखाली सुरू झाली. युरोपच्या क्लब बास्केटबॉलमध्ये हिच्यावर दुसरी पायरी नाही. पेरिस्तेरीला तिच्यात जागा मिळाली. त्या २०००-०१ च्या हंगामात युरोलीगमध्ये सर्वाधिक सरासरी फोर्डची होती, सामन्याला २६ गुण. हे ४० मिनिटांच्या सामन्यातले, हे विसरू नका. त्रैराशिक मांडले तर ४८ मिनिटांना ते ३१ च्या वर जातात. एनबीएत तो असेच केले असते असा याचा अर्थ मुळीच नाही. पण युरोपातल्या लोकांनी तोंडात बोटे का घातली, ते यावरून कळेल.

पुढच्या वर्षी ओलिंपियाकोसने त्याला घेतले. पिरेयस बंदराचा हा क्लब ग्रीसमधल्या सर्वांत लोकप्रिय क्लबांपैकी एक. २००१-०२ मध्ये फोर्डने पुन्हा युरोलीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, सरासरी २४.८. त्याच हंगामात ओलिंपियाकोसने ग्रीसचा राष्ट्रीय कप जिंकला. लहान संघात भरपूर चेंडू मिळतो म्हणून गुण होतात, ही शंका त्याने मोठ्या संघात जाऊन पुसून टाकली.

सिएना: गुण कमी, मजल मोठी

२००२ मध्ये तो इटलीत सिएनाला आला. मध्ययुगीन दगडी गल्ल्यांचे आणि भर चौकातल्या घोड्यांच्या शर्यतीचे हे गाव. संघाचा प्रशिक्षक तुर्की, एर्गिन अतामान. सोबतीला तुर्कस्तानचा मिर्साद तुर्कजान, ग्रीसचा काकियुझिस, मॅसिडोनियाचा स्तेफानोव्ह. आणि त्यांच्यात मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांकडून आलेला फोर्ड. परदेशी लीगमधला संघ म्हणजे कसा मेळा असतो, ते या चार-पाच नावांवरून दिसते.

या हंगामात फोर्डची युरोलीगमधली सरासरी १७.९ वर उतरली. आकडे पाहणारा म्हणेल, घसरला. पण संघ मात्र २००३ च्या अंतिम चौघांत पोहोचला. बार्सिलोनात झालेल्या त्या स्पर्धेत सिएनाने तिसरे स्थान मिळवले. एकट्याने सव्वीस करण्यापेक्षा चांगल्या सोबत्यांमध्ये अठरा करणे संघाला अधिक पुढे घेऊन गेले. शाळेच्या संघात ‘मी किती केले’ यावरून रुसणाऱ्यांनी हा हिशेब वहीत उतरवून घ्यायला हरकत नाही.

तीन हंगाम मिळून युरोलीगमधली त्याची सरासरी २२.२ झाली. २००३ मध्ये तो एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेझारोला गेला. संगीतकार रॉसिनीचे हे जन्मगाव. फोर्ड खेळला त्या २००३-०४ च्या हंगामातल्या कामगिरीवर पेझारोने पुढच्या वर्षीच्या युरोलीगमध्ये जागा मिळवली.

जे लोकांना ठाऊक नव्हते

इथपर्यंत वाचताना ही एका गुणी खेळाडूची साधी सरळ चढती कहाणी वाटली असेल. आता तिची दुसरी बाजू.

१९९७ मध्ये फोर्डला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज असतो. तिथे रक्तपेशी तयार होतात. या रोगात बिघडलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि निरोगी पेशींची जागा अडवतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस लवकर दमतो. रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशी कमी पडल्या की साधा तापही महागात पडू शकतो. रक्त गोठवणाऱ्या कणिका घटल्या तर साध्या मारानेही रक्तस्राव होतो. ज्या खेळात चाळीस मिनिटे धावायचे आणि अंगावर धक्के घ्यायचे, त्या खेळाडूला हा रोग होणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

आता वरची सनावळी पुन्हा एकदा पाहा. पेरिस्तेरीची २६ ची सरासरी, ओलिंपियाकोसचा कप, सिएनाचे तिसरे स्थान, पेझारोची युरोलीगमधली जागा. यांतले सगळे १९९७ नंतरचे आहे. ज्याच्या जोरावर युरोप त्याला ओळखतो, ती सगळी वर्षे तो हे दुखणे बरोबर घेऊन खेळला. प्रेक्षकांना याची कल्पना नव्हती. त्याने ते बोलून दाखवले नाही.

का दाखवले नसेल? त्याच्या मनातले आपण सांगू शकत नाही. पण परदेशी खेळाडूच्या जिण्याबद्दल वर जे पाहिले ते आठवावे. वर्षाचा करार, मर्यादित जागा, आणि दोन वाईट सामन्यांनंतर बदली शोधणारे क्लब. अशा बाजारात आजारी माणसाला कोण ठेवतो, हा विचार कुणाच्याही मनात यावा. मैदानात चांगला खेळणे हाच त्याचा रोजगार होता.

ऑगस्ट २००४ च्या अखेरीस फोर्डने जाहीर केले की, आपली प्रकृती आता व्यावसायिक खेळ झेपण्यासारखी राहिलेली नाही. तेव्हा कुठे बहुतेकांना खरी गोष्ट कळली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ सप्टेंबर २००४ रोजी, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात त्याचे निधन झाले. वय होते अवघे ३२.

इथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहू इच्छितो. फोर्डच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याचा निर्णय हा एका प्रौढ, कर्त्या माणसाचा स्वतःच्या परिस्थितीतला निर्णय होता. दुखणे लपवून खेळणे ही बहादुरी आहे, असा अर्थ कुणी काढू नये. गुडघा दुखत असेल, धावताना धाप लागत असेल, तर आधी घरी सांगा, क्रीडाशिक्षकांना सांगा. शाळेच्या संघातली जागा जाईल या भीतीने गप्प बसू नका. आणि मोठ्यांनीही मुलांना तशी भीती वाटू नये, असे वागले पाहिजे.

करंडक

२००४-०५ पासून युरोलीगने हंगामात सर्वाधिक सरासरी गुण करणाऱ्या खेळाडूला ‘अल्फोन्सो फोर्ड करंडक’ देण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्षी तो कुणाला मिळाला असेल? पेझारोच्या चार्ल्स स्मिथला. म्हणजे फोर्डने ज्या संघाला युरोलीगच्या दारात आणून सोडले, त्याच संघाच्या खेळाडूने, तोही अमेरिकन गार्डच, फोर्डच्या नावाचा पहिला करंडक घेतला. असा योगायोग ठरवून जुळवता येत नाही.

पुढे २०११-१२ मध्ये हा करंडक फोर्डच्याच जुन्या क्लबात, सिएनात गेला. तो जिंकणारा बो मॅकॅलेब हाही लहान कॉलेजातला गार्ड, न्यू ऑर्लिन्स विद्यापीठाचा. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने त्याचे शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तो तिथे शिकत होता. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याचे नावच पुकारले गेले नाही. तो तुर्कस्तानला गेला, मग सर्बियाला, मग इटलीला. मध्यंतरी मॅसिडोनियाने त्याला नागरिकत्व दिले. २०११ च्या युरोपीय स्पर्धेत त्या चिमुकल्या देशाने यजमान लिथुआनियाला हरवून थेट चौथे स्थान पटकावले, तेव्हा त्यांच्या संघाचा आधारस्तंभ हाच मॅकॅलेब होता.

मुलींची वाट

आमच्या वाचक मुली विचारतील, मुलींचे काय? त्यांची कहाणी याहून कठीण आहे. अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, उन्हाळ्यात खेळली जाते आणि तिथला पगार फार वर्षे पुरुषांच्या मानाने अगदीच तुटपुंजा होता. म्हणून नामांकित खेळाडूसुद्धा हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन गाठत. कनेक्टिकट विद्यापीठाची गार्ड डायना तोरासी रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबकडून खेळत असे. त्या क्लबाने तिला इतके पैसे दिले की २०१५ मध्ये विश्रांतीसाठी तिने अमेरिकेतला अख्खा हंगाम सोडून दिला! कोलोरॅडो स्टेटची गार्ड बेकी हॅमन हिला अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात जागा मिळण्याची चिन्हे नव्हती. मॉस्कोच्या क्लबकडून खेळताना तिला रशियाचे नागरिकत्व मिळाले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने रशियाकडून कांस्यपदक जिंकले. मायदेशी तिच्यावर टीकाही झाली. परदेशात खेळायला जाणे म्हणजे घर सोडणे असते. कधी कधी जर्सीवरचे देशाचे नावही बदलते, आणि ते सगळ्यांना रुचतेच असे नाही.

मग पुढे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कॉलेजनंतर काय, याचे एक उत्तर आपण पाहिले. हे उत्तर गोड गुळासारखे नाही. बत्तिसावा आलेला मुलगा शिखरावर अकराच सामने खेळू शकला. त्याला सात-आठ वर्षांत पाच-सहा गावे बदलावी लागली. भाषा येत नाही, सण घरी साजरा होत नाही, पुढच्या वर्षी कुठे असू ते ठाऊक नाही, असे हे जिणे. खेळावर पोट भरायचे ठरवणाऱ्याने हे सगळे आधीच पाहून ठेवावे. शिक्षण हातचे सोडू नये, हे तर आम्ही नेहमीच लिहितो.

पण दुसरेही एक उत्तर त्यात आहे. एनबीएच्या पुस्तकात फोर्डच्या नावापुढे अकराचा आकडा आहे, आणि तो कायम राहील. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लीगने त्याला एवढेच मोजले. तरीही वेस्का, अथेन्स, सिएना आणि पेझारोमध्ये लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि एनबीएत हजार-हजार सामने खेळलेल्या कित्येकांच्या वाट्याला न आलेला मान, स्वतःच्या नावाचा करंडक, त्याच्या वाट्याला आला. एका दारावर आपले नाव नसले म्हणजे आपल्याला काही येत नाही असे होत नाही. दार दुसरीकडे असू शकते, आणि ते शोधायला कधी समुद्र ओलांडावा लागतो.

युरोलीगचा सामना दूरदर्शन संचावर कधी दिसला, तर थांबून जरा पाहा. मैदानावरच्या अमेरिकन गार्डचे नाव आपण बहुधा ऐकलेले नसेल. तो कुठल्या गावचा, कुठल्या कॉलेजचा, किती गावे फिरून इथवर पोहोचला, हे शोधून काढा आणि आम्हाला लिहून पाठवा. चांगले लेख पुढच्या अंकात छापू.